गेलेली अक्षरे

सातपुड्याच्या पायथ्याकडील सुपीक पट्ट्यात, पूर्णेच्या खोऱ्यात, चांदूर बाजार हे तालुक्याचे गाव वसले आहे. काळी कसदार जमीन, संत्र्यांच्या बागा, कापसाची आणि तुरीची शेते हे येथील वैभव. या भागातील जुन्या घरांत जपून ठेवण्याच्या वस्तू पूर्वी एका लाकडी पेटीत मावत. शेताचे खरेदीखत, मुलांच्या जन्मटिपणांच्या गुंडाळ्या, लाल फडक्यात बांधलेली एखादी पोथी आणि पिवळे पडलेले एखादे छायाचित्र, एवढाच तो ऐवज असे. आता ती पेटी हाताच्या तळव्याएवढी झाली आहे. तिला हार्ड डिस्क म्हणतात. संगणकाला एका तारेने जोडली की ती बोलू लागते आणि तार काढली की मुकी होते.

समजा, अशा एखाद्या घरातील डिस्कमध्ये थोरल्या मुलीच्या लग्नाची छायाचित्रे आहेत, बागेच्या दहा वर्षांच्या जमाखर्चाचे तक्ते आहेत आणि आजीच्या आवाजात मुद्रित करून ठेवलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. छायाचित्रांच्या प्रती पाहुण्यारावळ्यांकडे सापडतील. जमाखर्च आडत्याच्या वहीवरून पुन्हा मांडता येईल. परंतु आजी आता हयात नाही, आणि तिच्या ओव्या दुसऱ्या कोणी लिहून घेतलेल्या नाहीत. एके दिवशी डिस्क जोडली असता पडद्यावर एवढेच उमटते, की ही डिस्क वाचता येत नाही. ती नव्याने सिद्ध करावी काय? घरातील माणसांना हा प्रश्न मोठा साळसूद वाटतो. ‘होय’ म्हणण्यास एक बोट पुरते. त्या ‘होय’मध्ये काय दडले आहे हे कळण्यासाठी मात्र डिस्कच्या पोटात डोकवावे लागते.

तिच्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्यांवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. लहान डिस्कमधील तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, आणि तिच्यावरून एक सूक्ष्म वाचनशीर्ष, पृष्ठभागाला स्पर्श न करता, केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावरून तरंगत जाते. थरातील सूक्ष्म चुंबकांची दिशा हीच तेथील अक्षरे. हे यंत्र प्रथम बाजारात आले ते १९५६ साली. अमेरिकेतील आयबीएम या संस्थेने बनवलेल्या त्या यंत्रात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, त्याचे वजन टनाच्या घरात होते आणि त्यात सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आजच्या तळव्याएवढ्या डिस्कमध्ये त्याच्या दोन लाख पट मजकूर सहज राहतो. जागा वाढली तशी एका आघातात नाहीसे होणारे धनही वाढले, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही.

तबकडीवर दोन प्रकारचा मजकूर असतो. एक प्रत्यक्ष मजकूर आणि दुसरी त्या मजकुराची नोंदवही. कोणते छायाचित्र कोठून सुरू होते, कोठे संपते, त्याचे नाव काय, हे सारे नोंदवहीत टिपलेले असते. शेतकऱ्याच्या मुलाला हे समजावून सांगण्यास फार शब्द लागत नाहीत. तलाठ्याच्या दप्तरात शेताची नोंद असते आणि शेत असते ते शिवारात. दप्तराला आग लागली म्हणून शिवारातील तूर जळत नाही. फक्त कोणते शेत कोणाचे, हे सांगणारा कागद उरत नाही. हार्ड डिस्क बिघडली असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा एवढेच झालेले असते. चालू कामात तार उपसली गेली किंवा अकस्मात वीज गेली, तर नोंदवहीचे पान अर्धवट लिहिलेले राहते. मग संगणक भांबावतो आणि सारे शिवारच ओसाड आहे असे जाहीर करतो. एखादा मजकूर आपण पुसतो तेव्हाही बहुधा त्याची नोंदच खोडली जाते. खालचे पीक तसेच उभे असते. ती जागा मोकळी समजून तेथे कोणी नवी पेरणी केली, म्हणजे मात्र जुने पीक कायमचे गेले. पडद्यावरच्या त्या साळसूद प्रश्नाला ‘होय’ म्हटल्यास निदान कोरी नोंदवही तरी मांडली जाते, आणि पूर्ण पद्धतीने ते काम होऊ दिले तर सारे शेत नांगरून निघते.

म्हणून जाणत्या दुरुस्तकाचे पहिले काम काहीही न करणे हे असते. तो डिस्कवर एक अक्षर लिहीत नाही आणि लिहू देत नाही. त्यानंतर तो तिची संपूर्ण प्रत दुसऱ्या निरोगी डिस्कवर उतरवून घेतो. हे उतरवणेही विचाराने करावे लागते. डीडीरेस्क्यू नावाचा एक आज्ञासंच या कामासाठी जगभर वापरला जातो. जे भाग सुखाने वाचता येतात ते तो आधी उचलतो. जेथे अडते तेथे तो हट्ट धरीत नाही; त्या जागेची टिपणी करून पुढे जातो. सोपे ते सर्व हाती आल्यावर तो अवघड जागांकडे वळतो आणि कधी पुढून, कधी मागून येऊन त्या पुन्हा वाचून पाहतो. आजारी यंत्राचे आयुष्य किती मिनिटांचे उरले आहे हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून अवघडावर आरंभीच वेळ दवडून सोपे गमावणे त्याला परवडत नाही. प्रत तयार झाली की मूळ डिस्क बाजूला ठेवायची. पुढचे सर्व प्रयोग प्रतीवर करायचे.

नोंदवही नसताना मजकूर ओळखायचा कसा? येथेही शिवाराचीच रीत चालते. कागद नसला तरी जुना माणूस धुरे पाहून, धुऱ्यावरचे निंबाचे झाड पाहून हे शेत कोणाचे ते सांगतो. नेहमीच्या पद्धतीने साठवलेल्या प्रत्येक छायाचित्राच्या आरंभी ठरावीक खुणा असतात, ध्वनिमुद्रणाच्या आरंभी निराळ्या असतात. त्या खुणा शोधीत आज्ञासंच तबकडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातो आणि सापडेल ते वेचतो. अशा वेचलेल्या छायाचित्रांना नावे नसतात, तारखा नसतात. काही अर्धीच निघतात. वर नवरीचा चेहरा आणि खाली नुसती करडी पट्टी.

डिस्कमधून ‘खट्-खट्’ असा आवाज येऊ लागला, तर मात्र दप्तर नव्हे, यंत्रच मोडले आहे असे समजावे. वाचनशीर्ष तबकडीला घासू लागले की प्रत्येक फेऱ्यागणिक अक्षरांचा चुरा होत असतो. अशी डिस्क तत्काळ बंद करून धूलिरहित खोली असलेल्या प्रयोगशाळेकडेच धाडावी लागते. तेथे त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कचे शीर्ष काढून हिला बसवतात. हे काम खर्चाचे आहे. वैद्यकाप्रमाणे याही क्षेत्रात घरगुती उपाय सांगणारे शेजारी पुष्कळ भेटतात. कोणी डिस्क टेबलावर आपटून पाहा म्हणतो, कोणी ती रात्रभर फ्रीजमध्ये ठेवण्यास सांगतो. त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तथापि त्यांचे ऐकून गेलेल्या डिस्कांची संख्या थोडी नसावी. तबकडी नसलेल्या नव्या प्रकारच्या डिस्कांत तर पुसलेला मजकूर यंत्र स्वतःच लवकर साफ करून टाकते, आणि तेथे शोधण्यासारखे बहुधा काहीच उरत नाही.

नाशाच्या किती जवळून अक्षरे परत येऊ शकतात, याचे एक उदाहरण जगाच्या आठवणीत आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान पृथ्वीच्या वातावरणात परतताना भंगले. कर्नालची कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी त्या दुर्घटनेत मृत्युमुखी पडले. यानाचे तुकडे टेक्सासच्या भूमीवर दूरवर विखुरले. काही महिन्यांनी एका आटलेल्या तळ्याच्या पात्रात एक हार्ड डिस्क सापडली. तिचे वेष्टन वितळले होते आणि आत धूळ शिरली होती. झेनॉन नावाचा वायू एका विशिष्ट स्थितीत ढवळला असता त्याचा दाटपणा कसा बदलतो, या प्रयोगाची निरीक्षणे तिच्यात होती. काही निरीक्षणे उड्डाण चालू असतानाच पृथ्वीवर पोहोचली होती. उरलेली त्या जळक्या डब्यात होती. तंत्रज्ञांनी तबकड्या काढल्या, स्वच्छ केल्या आणि नव्या यंत्रात बसवून वाचल्या. जवळजवळ सर्व मजकूर हाती लागला. यामागे कौशल्य होते तसा योगही होता. डिस्क अर्धीच भरलेली होती, जुन्या पद्धतीच्या संगणकाने ती एका बाजूने क्रमाने लिहीत नेली होती, आणि खरचटलेल्या जागा नेमक्या कोऱ्या भागात होत्या. त्याच यानातील इतर डिस्कांचे नशीब असे नव्हते. त्यांतून काहीच वाचता आले नाही. प्रयोगाचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. प्रयोग चालवणारे हात नाहीसे झाले होते. त्यांचे काम मात्र पुरे झाले.

तबकड्या, चुंबक आणि वाचनशीर्ष यांतले काहीही नव्हते तेव्हादेखील गेलेली अक्षरे परत आणण्याचा प्रसंग माणसावर येत असे. मराठी भाषेवर तर तो तिच्या गद्याच्या अगदी आरंभीच आला, आणि ज्या ग्रंथावर तो आला त्याचे जन्मस्थान चांदूर बाजारच्या पूर्वेस थोड्या अंतरावर, मोर्शी तालुक्यात आहे. ते गाव म्हणजे रिद्धपूर.

तेराव्या शतकात येथे गोविंदप्रभू राहत. त्यांचे शिष्य चक्रधरस्वामी यांनी महाराष्ट्रभर पायी हिंडून मराठीत उपदेश केला. चक्रधर निघून गेल्यावर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य व इतर मंडळी रिद्धपूरला एकत्र आली. त्यांत म्हाइंभट नावाचे विद्वान होते. स्वामी गेले, त्यांना पाहिलेली माणसेही एक दिवस जातील, मग हे सारे कोण सांगणार, ही चिंता त्यांना लागली. त्यांनी आठवणी गोळा करण्यास आरंभ केला. नागदेवाचार्य सांगत आणि म्हाइंभट टिपून घेत. जे नागदेवाचार्यांसमोर घडले नव्हते, ते ज्याच्या समोर घडले त्याच्याकडे जाऊन ते विचारीत. कोणते गाव, कोणते देऊळ, त्या वेळी तेथे कोण होते, स्वामींचे नेमके शब्द कोणते, अशी त्यांची चौकशी असे. सुमारे १२७८ च्या सुमारास शेकडो लीळांचा तो ग्रंथ, ‘लीळाचरित्र’, सिद्ध झाला. मराठीतील हा पहिला मोठा गद्यग्रंथ मानला जातो.

पुढे पंचवीस-तीस वर्षांत दिल्लीच्या खिलजी सुलतानांच्या फौजा दक्षिणेत उतरल्या. देवगिरीचे राज्य कोसळले. त्या धामधुमीत पंथाची मंडळी आपल्या पोथ्या घेऊन सुरक्षित जागी निघाली, आणि वाटेत पोथ्यांचा तो ठेवा लुटला गेला, असे परंपरा सांगते. लुटणाऱ्यांना त्या पानांचा काय उपयोग झाला असेल? त्यांनी बासने सोडून पाहिली असतील, आत सोने नाही असे पाहून पाने कोठे तरी फेकून दिली असतील. म्हाइंभटांनी दारोदार हिंडून जमवलेला ऐवज अशा रीतीने गेला. येथे दप्तर जळाले नव्हते. शेतच वाहून गेले होते.

परंतु त्याची एक प्रत निराळ्या जागी होती. पंथातील माणसे लीळा नित्य वाचीत, ऐकत आणि पाठ करीत. हिराइसा नावाच्या एका शिष्येची स्मरणशक्ती असामान्य होती. तिच्या मुखातून आणि इतरांच्या स्मरणातून लीळा पुन्हा लिहून घेण्यात आल्या. एकाने सांगावे, दुसऱ्याने आपल्या आठवणीशी ते ताडून पाहावे, असा तो क्रम होता. ज्या गोष्टी सर्वांना सारख्या आठवत त्या सहज लिहिल्या गेल्या असतील, आणि एखाद्या शब्दापाशी मात्र मंडळी दीर्घकाळ थबकली असतील.

हे शक्य झाले याचे एक कारण भाषेत आहे. नागदेवाचार्यांसमोर एकदा संस्कृतात लिहिण्याचा प्रश्न आला होता. तसे केल्यास पंथातील साध्या म्हाताऱ्या बायका या ज्ञानाला पारख्या होतील, असे सांगून त्यांनी त्यास नकार दिला. मजकूर थोड्यांच्याच भाषेत कोंडला असता तर तो थोड्यांच्याच स्मरणात राहिला असता, आणि लूट झाल्यावर तो परत देणारी माणसे मोजकीच उरली असती. नागदेवाचार्यांनी म्हाताऱ्यांची काळजी वाहिली आणि ग्रंथाची काळजी आपोआप वाहिली गेली. नोंदवहीचेही असेच झाले. चक्रधर कोणकोणत्या गावी, कोणत्या देवळात आणि देवळाच्या कोणत्या बाजूस राहिले याची तपशीलवार टिपणे ‘स्थानपोथी’ या स्वतंत्र ग्रंथात आहेत. चरित्र एका पोथीत आणि त्याच्या जागांची यादी दुसऱ्या पोथीत, अशी ही व्यवस्था होती.

एकदा पोळल्यावर मंडळींनी आणखी एक उपाय योजला. चौदाव्या शतकात ते आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहू लागले. सकळ लिपी ही त्यांतली विशेष प्रसिद्ध. ठरलेल्या नियमाने एका अक्षराऐवजी दुसरेच लिहायचे. नियम ठाऊक असलेल्याला मराठी दिसावी, इतरांना नुसत्या निरर्थक ओळी. पंथ पंजाबापर्यंत पसरला आणि पोथ्याही तेथवर गेल्या. कुलूप इतके भक्कम बसले, की पाच-सहाशे वर्षे मराठीच्या इतर अभ्यासकांना आपल्याच भाषेतील हे धन दिसले नाही. पाने होती, शाई होती, अक्षरे शाबूत होती. वाचण्याचा नियम तेवढा बाहेर कोणाजवळ नव्हता. परवलीचा शब्द विसरलेल्या डिस्कपुढे आज माणूस जसा बसतो, तसेच काहीसे हे झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी या पोथ्यांच्या शोधात आणि अभ्यासात आयुष्य वेचले. नागपूरहून ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र भागाभागाने छापले, आणि वऱ्हाडचेच वि. भि. कोलते यांनी अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेली आवृत्ती १९७८ साली प्रसिद्ध झाली. ज्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी लेखणी उचलली, तेथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे.

परत मिळालेला ग्रंथ मूळ ग्रंथाशी अक्षरशः जुळतो काय? तसे कोणीही म्हणत नाही. एकाच लीळेचे निरनिराळे पाठ आढळतात. एका परंपरेत एक शब्द आहे, दुसरीत दुसरा. येथे पुनर्लेखन करणाऱ्यांचा प्रामाणिकपणा विशेष डोळ्यांत भरतो. अमक्याच्या स्मरणात हे असे आहे, तमक्याच्या स्मरणात तसे आहे, हे त्यांनी मजकुरातच नमूद करून ठेवले. सर्वांचे एकमत झाल्याचा देखावा करून एक गुळगुळीत पोथी तयार करणे त्यांना अशक्य नव्हते. तसे झाले असते तर वाचणाऱ्याची सोय झाली असती, आणि काय राहिले व काय गेले हे कळण्याचा मार्ग कायमचा बुजला असता.

हा मोह आज अधिकच जवळ आला आहे. अर्ध्या निघालेल्या छायाचित्रातील करडी पट्टी भरून देणारी साधने आता सहज उपलब्ध आहेत. ती नवरीच्या चेहऱ्याखाली शालू रंगवतील, शालूला काठ देतील, काठावर मोरही काढतील. पाहणाऱ्याला ते खरे वाटेल. परंतु त्या दिवशी मुलीने नेसलेला शालू तो नव्हे. आजीच्या तुटलेल्या ओवीच्या जागी तिच्याच आवाजात नवी ओळ बसवून देणारे यंत्रही आज अशक्य राहिलेले नाही. ओवीच्या मध्येच दोन क्षण नुसती खरखर ऐकू येणे त्याहून बरे. त्या खरखरीच्या अलीकडे आणि पलीकडे जे आहे, ते तरी आजीचे आहे.

लीळाचरित्राचा अभ्यास करणारे आजही त्या निरनिराळ्या पाठांना त्यांच्या नावांनी ओळखतात. ज्या स्त्रीने गेलेला ग्रंथ आपल्या स्मरणातून परत दिला, तिच्याविषयी फारशी माहिती उपलब्ध नाही. परंतु एका पाठाला अद्यापि हिराइसेचा पाठ असेच म्हणतात.